सही कुणाची, सत्ता कुणाची?

दुपारची कामं आवरून, नाहीतर हातातली शेंगांची टोपली तशीच मांडीवर घेऊन तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. बसा निवांत. आजचा विषय निवडणुकीचा आहे, पण भाषणबाजीचा नाही. घरातला हिशेब जसा आपण मांडतो, तसा आज गावच्या सत्तेचा हिशेब मांडायचा आहे.

एका बचत गटाच्या मैत्रिणींनी विचारलंय, "आमच्या गावचं सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव निघालं. सोडत झाली त्याच रात्री गावातल्या दोन्ही पार्ट्यांनी आपापल्या घरच्या सुनांची नावं ठरवली. सुनांना सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. आमच्या गटातली एक जण उभी राहते म्हणते. तिनं उभं राहावं का? आणि आलीच निवडून, तर पुढं काय?"

उत्तर देण्याआधी माझी एक गोष्ट सांगते. मीही एकेकाळी ग्रामपंचायत सदस्य होते. पहिली दीड वर्षं मी एकाही मासिक सभेला गेले नाही. तरी वहीत प्रत्येक सभेला माझी सही आहे. वही घरी यायची, आलेल्या माणसाला मी चहा द्यायची, पदराला हात पुसायची आणि बोट दाखवतील तिथं सही करायची. एक दिवस वस्तीवरची शेजारीण म्हणाली, "वैनी, आपल्या वस्तीची पाण्याची लाइन वरच्या आळीला नेली. ठरावावर तुमची बी सही हाय म्हणत्यात." मी पहिल्यांदा पंचायतीत गेले, वही मागितली, पान उलटलं. सही माझीच होती. घागरी वाहायच्या होत्या त्या मलाच, आणि पाणी दुसरीकडे वळवणारी सहीही माझीच.

त्या दिवशी मला कळलं की निवडून येणं आणि सत्ता हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचं सगळं बोलणं या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल आहे.

आधी साधं गणित बघू. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तुमची ग्रामपंचायत नऊ सदस्यांची असेल तर त्यात किमान पाच बायका असणारच. नवात पाच म्हणजे बहुमत. ठराव मंजूर करायला बहुमत लागतं. म्हणजे पाच जणींनी ठरवलं तर शाळेच्या स्वच्छतागृहाचं काम आधी आणि गावच्या कमानीचं नंतर, असं त्या ठरवू शकतात. मग असं होत का नाही? कारण त्या पाच जणी पाच घरांतून, दोन पार्ट्यांतून आणि एकमेकींशी न बोलता आलेल्या असतात. दोघी या पार्टीच्या, तिघी त्या पार्टीच्या. पाच बायका असतात, पण 'आपण पाच जणी' असं कुणी म्हणत नाही.

आता थोडं मागं जाऊ. पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यातल्या निंबूत गावानं १९६३ साली एक नवल केलं. अख्खी ग्रामपंचायत बायकांच्या हाती दिली. तेव्हा कुठलं पन्नास टक्के आरक्षण नव्हतं. आज साठ वर्षं उलटली तरी "सगळ्या बायका? मग कारभार कोण बघणार?" असं विचारणाऱ्यांना निंबूतचं नाव सांगता येतं.

खरी मोठी लाट आली ती चांदवडनंतर. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. शेतात राबणाऱ्या लाखभर बायका तिथं आल्या. भाकरी बांधून, पोरं कडेवर घेऊन आल्या. तिथं ठरलं की जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकांत सगळ्या जागांवर बायकाच उभ्या करायच्या. एक-दोन राखीव जागांवर समाधान मानायचं नाही. पण त्या निवडणुका तेव्हा झाल्याच नाहीत. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या निवडणुका १९७९ नंतर थेट १९९२ मध्ये झाल्या.

वाट बघत बसल्या असत्या तर विषय तिथंच संपला असता. पण १९८९ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका आल्या आणि काही गावांत बायकांनी स्वतःची पूर्ण पॅनलं उभी केली. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा ही त्यातली गाजलेली नावं. तिथं संपूर्ण महिला ग्रामपंचायती निवडून आल्या. विटनेर तर आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवलं पाहिजे. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. ज्या गावात शंभर किंवा त्याहून जास्त घरांत नवरे आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. विटनेरनं ते करून दाखवलं. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं. ते कुणी दान म्हणून दिलं नाही. तिनं आयुष्यभर घेतलेल्या कष्टांचं देणं म्हणून फेडलं.

या महिला पंचायतींवर पुढं एक पुस्तक निघालं. त्याचं इंग्रजी नाव मराठीत सांगायचं तर 'आणि पोळ्या कोण करणार?' असं आहे. नाव ऐकून हसू आलं ना? आपल्यापैकी प्रत्येकीनं हा प्रश्न ऐकलाय. सभेला निघालं की उंबऱ्यातच तो आडवा येतो. आणि एक सांगते, या प्रश्नाचं उत्तर घरात ठरवल्याशिवाय अर्ज भरू नका. महिन्यातून एक दिवस सभा असते, त्या दिवशीच्या भाकरी कोण टाकणार हे नवऱ्याशी, सासूबाईंशी, थोरल्या मुलाशी आधीच बोलून घ्या. हा क्षुल्लक मुद्दा नाही. कितीतरी जणींचं सदस्यपण चुलीपाशीच अडकून पडतं.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा बायकांसाठी राखीव केल्या. देशाच्या राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती झाली आणि ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. त्यामुळे देशभर किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. मग २०११ मध्ये आपल्याकडे निम्म्या. लक्षात घ्या, आधी चांदवड, मग १९८९ ची पॅनलं, मग कायदा. बायका आरक्षणाची वाट बघत थांबल्या नव्हत्या. कायदा आला तेव्हा गावागावांत बाईचा कारभार लोकांनी डोळ्यांनी बघितलेला होता.

कुणी विचारेल, बाई सरपंच झाल्यानं गावात खरंच काही बदलतं का? की सरपंचाच्या खुर्चीवर नुसती साडी? याचा अभ्यास झालेला आहे. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांत राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोन संशोधकांनी पंचायती तपासल्या. त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमुखपद बाईसाठी राखीव असलेल्या आणि नसलेल्या पंचायतींची त्यांनी तुलना केली. दोन्ही जिल्ह्यांत बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केलेला आढळला. पाण्याच्या तक्रारी तिथं बायकाच जास्त करत होत्या. म्हणजे जिच्या डोक्यावर हंडा, तिच्या हाती कारभार आला की पाण्याचा नंबर वर येतो.

बंगालमध्येच पुढं आणखी एक गोष्ट दिसली. ज्या पंचायतींत प्रमुखपद दोन वेळा बाईसाठी राखीव होतं, तिथं नंतर आरक्षण उठल्यावरही बायका जास्त संख्येनं उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पहिल्या वेळी लोक कुरकुरतात, पण एकदा चांगला कारभार बघितला की मन बदलतं. म्हणून पहिल्यांदा निवडून येणाऱ्या बाईवर दुहेरी जबाबदारी असते. ती स्वतःसाठी तर काम करतेच, शिवाय मागून येणारीची वाटही मोकळी करत असते.

आता 'पुरोगामी' या शब्दाकडे येऊ. पेपरात तो फार येतो. आपल्या गावापुरता त्याचा अर्थ काय? माझ्या लेखी अर्थ असा की ज्यांचं आजवर कुणी ऐकलं नाही त्यांचं ऐकायचं आणि चालत आलंय म्हणून चुकीचं चालू ठेवायचं नाही. उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचं. शिरोळ तालुक्यातलं हे गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा आदर्श घ्यावा असं सांगितलं. बघा, एका गावच्या सभेत झालेला ठराव मंत्रालयापर्यंत गेला आणि तिथून राज्यभरच्या गावांत आला. प्रभाव म्हणतात तो हाच. त्याला आमदारकी लागली नाही. एक ग्रामसभा लागली, विषय मांडणारी माणसं लागली आणि हात वर करणारी लागली.

मग आपल्या मैत्रिणीनं काय करावं? मी तीन टप्पे सांगते. गटाच्या बैठकीत पुन्हा वाचून दाखवा.

पहिला टप्पा, निवडणुकीआधीचा. एकटीला उभी करू नका. ती सरपंचपदाला उभी राहणार असेल तर सदस्यपदाच्या जागांवर तिच्यासोबत कोण, हे आधी ठरवा. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, मधे बंद झाली आणि २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. त्यामुळे असं होऊ शकतं की सरपंच आपली आणि सगळे सदस्य समोरच्यांचे. मग प्रत्येक ठराव अडतो. म्हणून पॅनल करा आणि त्यात प्रत्येक वस्तीची बाई घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या राखीव जागेवर उभी राहणारी मैत्रीण सगळ्यात जास्त त्रास सोसते. तिच्या प्रचाराला इतर वस्त्यांच्या बायका गेल्या पाहिजेत आणि निवडून आल्यावर तिची खुर्ची तिला मिळते का, हेही बघितलं पाहिजे.

कागद वेळेत जमवा. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणी, मतदार यादीतलं नाव, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नाही ना, घरी शौचालय आहे ना, हे सगळं सोडतीनंतर धावपळीत होत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर मूल होऊन दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली असतील तर उभं राहता येत नाही. थेट सरपंचपदासाठी उमेदवार १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेली असेल तर किमान सातवी पास असावी लागते. आणि निकालानंतर ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब वेळेत दिला नाही तर अपात्र ठरण्याची वेळ येते. मैत्रिणींनो, पाच रुपयांचा हिशेब चुकू न देणाऱ्या गटाच्या सचिवाकडेच हे काम सोपवा.

दुसरा टप्पा, निवडून आल्यानंतरचा. इथं एकच नियम पाठ करा. वाचल्याशिवाय सही नाही आणि घरी आलेल्या वहीवर तर मुळीच नाही. वाचता येत नसेल तर गटातली शिकलेली मुलगी बरोबर घ्या, शब्दन् शब्द वाचून घ्या. आता सही फक्त पेनाची राहिलेली नाही. वित्त आयोगाचे पैसे खर्च करताना सरपंचाची डिजिटल सही लागते. पेन ड्राइव्हसारखी छोटी चावी असते ती. ती चावी नवऱ्याच्या खिशात, दिराच्या कपाटात किंवा संगणक चालवणाऱ्याच्या टेबलात राहिली, तर तुमच्या नावानं पैसे कोण खर्च करतंय हे तुम्हाला कळणारही नाही. चोरीचा आळ मात्र तुमच्यावर येईल. तिजोरीची किल्ली जशी कमरेला, तशी ही चावी स्वतःजवळ. पासवर्डही कुणाला सांगायचा नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आपल्या पंचायतीचं उत्पन्न किती, त्याचे दहा टक्के किती आणि गेल्या वर्षी ते कशावर गेले, एवढे तीन आकडे पहिल्याच सभेत मागा. भांडायची गरज नाही. नुसतं विचारलं तरी सभेतल्या माना तुमच्याकडे वळतात.

तिसरा टप्पा निवडून न आलेल्यांचा, म्हणजे आपल्या सगळ्यांचा. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. तिथं जे ठरतं ते ग्रामसभेपुढं ठेवायचं असतं. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आता विचार करा. गावात दहा बचत गट असतील आणि प्रत्येकात दहा-बारा जणी, तर शंभरचा आकडा आपल्या गटांतूनच भरतो. आपण गेलो तर सभा होते. आणि आपण नाही गेलो तर ती आपल्याशिवाय होते, नाहीतर होतच नाही.

दारूच्या दुकानाचंही तसंच. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेता येतं. बाटली आडवी करायला यादीतल्या एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे. म्हणजे घरी बसलेलीचं मत दुकान चालू ठेवणाऱ्याच्या पारड्यात पडतं. मतदानाच्या दिवशी पांगुळगाड्यातली पोरं आणि अंथरुणाला खिळलेल्या आजी यांची सोय करून प्रत्येकीला बाहेर काढणं हेच त्या लढ्यातलं निम्मं काम असतं.

बाई स्वतःच्या मनानं कारभार करू लागली की एक दिवस अविश्वास ठरावाची भाषा सुरू होते, हेही आधीच सांगून ठेवते. घाबरू नका. तिला असं सहज उठवता येत नाही. त्याला तीन चतुर्थांश सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि सरपंच थेट जनतेतून निवडलेली असेल तर त्यावर ग्रामसभेतही मतदान होतं. म्हणजे तिची खुर्ची शेवटी कुणाच्या हातात? ग्रामसभेला जाणाऱ्यांच्या. आपण निवडणुकीत तिला मत दिलं आणि घरी येऊन दार लावलं, तर त्या दिवशी ती सभेत एकटी उभी असेल.

माझ्या गोष्टीचा शेवट राहिला. त्या सहीनंतर मी दर महिन्याला सभेला गेले. पहिले काही महिने कुणी बसायलाही सांगितलं नाही. लाइनचा विषय मी दर वेळी काढला, इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला. पण मी एकटी होते. हात वर करायला दुसरी नव्हती. माझ्या पाच वर्षांत ती लाइन आली नाही, हे खरं खरं सांगते. पुढच्या निवडणुकीत आमच्या गटाच्या तिघी उभ्या राहिल्या आणि तिघीही आल्या. त्यांनी माझ्या वेळची इतिवृत्तं काढली, सभेत वाचून दाखवली. मग लाइन आली. माझं पाणी दुसऱ्यांनी आणलं, पण खणायला सुरुवात मी केली होती, असं मी आता मनाशी म्हणते.

तर ज्या गटानं प्रश्न विचारला त्यांना उत्तर. हो, तुमच्या मैत्रिणीनं उभं राहावं. पण 'तू उभी राहा, आम्ही पाठीशी आहोत' असं नुसतं म्हणू नका. तिच्याबरोबर कोण उभं राहणार, सभेच्या दिवशी तिची म्हैस कोण धुणार, वही कोण वाचून दाखवणार, महिला सभेला कोण कोण येणार, हे नावानिशी गटाच्या रजिस्टरमध्ये लिहा. ती हरली तरी ते रजिस्टर फाडू नका. पाच वर्षांनी तेच कामाला येईल. आणि दोन्ही पार्ट्यांनी ज्या सुनांची नावं ठरवली आहेत, त्यांच्याशी वैर धरू नका. त्यांनाही कुणी विचारलेलं नाही. त्यातली एक निवडून आली तर तिच्या घरी हळदीकुंकवाला म्हणून जा आणि जाता जाता सांगा, "वैनी, पुढच्या सभेला आम्ही बाहेर बसतो. तुम्ही आत या."

या आठवड्यात प्रत्येक गटानं एकच काम करायचं. आपल्या ग्रामपंचायतीत किती सदस्य, त्यात बायका किती आणि मागच्या सभेला त्यातल्या किती जणी स्वतः हजर होत्या, एवढं शोधायचं. आकडे बैठकीत मोठ्यानं वाचायचे. त्यावर काय बोलणं होतं, ते आम्हाला कळवा.

येते मैत्रिणींनो. काळजी घ्या, आणि सही करण्याआधी वाचा.